सुयांवर पाच कामं, आणि नवा गुंडा आणायचा नाही

लडिवाळ
मंडळी, मदत हवी आहे. रविवारी कपाट आवरायला काढलं. आवरणं राहिलं बाजूला, सगळं जमिनीवर पसरून मी मध्ये बसले आणि मोजदाद केली.

क्रोशाचं पांघरूण, निळ्या-पांढऱ्या-राखाडी पट्ट्यांचं, बरंचसं झालेलं. त्याच निळ्या लोकरीची एक शाल, चार वर्षांपूर्वी वीतभर विणून सोडलेली. एक हत्ती, ज्याला एकच कान आहे. मॅटीवर फुलीच्या टाक्याचं चित्र, १४० बाय ११२ घरांचं, त्याचा खालचा डावा कोपरा भरलाय. आणि बारीक सुती दोऱ्याचा गोल रुमाल, मावशीने अर्धवट सोडलेला, दोऱ्यासकट माझ्याकडे आलेला.

शिवाय सहा डबे लोकर, दोरे, लड्या, मणी आणि "कधीतरी लागेल" या नावाखाली ठेवलेलं बरंच काही.

तर ठरवलंय, ही पाच हातावेगळी होईपर्यंत नवीन काही आणायचं नाही. आता प्रश्न. एका वेळी एकच घेऊ की आलटून पालटून? आणि पांघरुणाची निळी लोकर पुरणार नाही असा दाट संशय आहे. शेवटच्या पट्ट्याच्या १६ ओळी बाकी आहेत आणि ५२ ग्रॅम शिल्लक आहे. हे आधी कळायची काही युक्ती आहे का? चार ओळी उरल्या असताना गुंडा संपला तर मी रडेन.

गुंतागुंत
पाचच? मी पाचापर्यंत मोजून थांबते, पुढे मोजायची हिंमत होत नाही.

इंग्रजीत यासाठी एक गमतीचा शब्द आहे, सेबल. उभ्या आयुष्यात विणून संपणार नाही इतका साठा, अशा अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरं. माझी सेबलची पदवी मागेच पूर्ण झाली.

मुकाखांब
मी एका वेळी एकच काम करतो. दुसरं सुरू करायचं असेल तर पहिलं संपवायचं किंवा उसवायचं.

गुंतागुंत
@मुकाखांब तुमच्याकडे लोकर किती आहे?

मुकाखांब
एक डबा.

गुंतागुंत
हा माणूस आपल्यात काय करतोय?

उलट_सुलट
लडिवाळ, माझी नेहमी तीन कामं चालू असतात. एक डोकं लागणारं, एक डोकं न लागणारं आणि एक पिशवीत मावणारं. चौथं आलं की या तिघांपैकी कुणीतरी जागा सोडायची. मोजत विणायचं लेसकाम रात्री दमल्यावर हातात घेतलं की दुसऱ्या दिवशी तेवढंच उसवावं लागतं, हे बऱ्याच वेळा उसवून कळलंय. काळा किंवा गडद निळा रंग मी फक्त दिवसाउजेडी विणते. तुझ्या पाचात हत्ती पिशवीत मावतो, पांघरूण बिनडोक आहे (वाईट अर्थाने नव्हे) आणि मॅटीला उजेड नि डोकं दोन्ही लागतं. म्हणजे ही तीन एकमेकांच्या आड येतच नाहीत. शाल आणि रुमाल सध्या बाजूला ठेव.

आता लोकर. स्वयंपाकघरातला काटा घे. गुंडा वजन कर, चार ओळी विण, परत वजन कर. एकाच ओळीवरून हिशोब करू नकोस, कारण साधा काटा पूर्ण ग्रॅम दाखवतो आणि अर्ध्या ग्रॅमची चूक सोळाने गुणली की आठ ग्रॅमची होते. चार ओळींचा फरक भागिले चार.

लडिवाळ
करायला गेले. पांघरुणाच्या पिशवीत सुईच नाही. कुठल्याशा दुसऱ्या कामाला उपसून नेली असणार. आता ती ४ मिमीची होती की ४.५ ची, आठवत नाही. डब्यात दोन्ही आहेत.

उलट_सुलट
दोन्हींनी पंधरा-वीस खांबांचा (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका) छोटा तुकडा विणून बघ आणि १० सेंमीत किती खांब बसतात ते मोज. पांघरुणावरही मोज, पण कडेला नाही, मधे. आणि सपाट ठेवून, मांडीवर ताणून नाही.

पुढच्या वेळी सुई काढायची झाली तर उघड्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव आणि पिशवीत चिठ्ठी टाक. माझ्या एका चिठ्ठीचा नमुना: "४ मिमी, ॲल्युमिनियमची. २२ वी ओळ झाली, पुढची उलट बाजूने. सुरुवातीच्या ३ साखळ्या खांब म्हणून धरल्यात." ॲल्युमिनियम यासाठी लिहिलंय की त्याच मापाच्या बांबूच्या सुईने माझा हात वेगळा पडतो. लोकर बांबूवर अडते, धातूवर सरकते.

गुंतागुंत
चिठ्ठीत आणखी एक लिहा. नमुना ब्रिटिश की अमेरिकन.

मी एक जाकीट अर्धं करून सोडलं होतं. आठ महिन्यांनी नमुन्याचा कागद काढला आणि सरळ पुढे विणत गेले. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. कागद ब्रिटिश होता, मी मात्र त्या आठ महिन्यांत अमेरिकन व्हिडिओ बघून बघून अमेरिकन झाले होते. जिथे मुका खांब, म्हणजे बुटका टाका हवा तिथे उंच खांब घातले. पाठीचा खालचा भाग एका बाईचा आणि वरचा तिच्याहून उंच बाईचा, असं काहीतरी तयार झालं. आपले "मुका खांब" आणि "खांब" किती बरे. सातासमुद्रापार जाऊन अर्थ बदलत नाहीत.

लडिवाळ
४ मिमीने १० सेंमीत १८ खांब, ४.५ ने १६. पांघरुणावर १६. म्हणजे ४.५. चिठ्ठी लिहून टाकली.

चार ओळी झाल्या. गुंडा ५२ वरून ३१ वर आला. चार ओळींना २१, म्हणजे ओळीला सव्वापाच ग्रॅम. उरलेल्या १२ ओळींना ६३ लागतील आणि माझ्याकडे ३१ आहेत. ३२ ग्रॅम कमी पडतायत. संशय खरा निघाला, पण आधी कळलं म्हणून रडले नाही. थोडीच रडले.

लेबलावर १०० ग्रॅमला २१० मीटर लिहिलंय, कुणाला हिशोब करायचा असेल तर.

मुकाखांब
शाल त्याच लोकरीची आहे ना. तिचं वजन किती?

लडिवाळ
...

लडिवाळ
शाल आणि तिच्या शेपटीला लटकलेला गुंडा मिळून ५८ ग्रॅम. पण शाल माझी होती. म्हणजे माझ्यासाठी होती. बाकीची चार दुसऱ्यांसाठी आहेत.

मुकाखांब
चार वर्षं झाली.

काजबटण
इतकं तोडून बोलायची काय गरज? उसवायला जीव होत नाही कधी कधी. माझ्याकडे एक मोजा आहे, त्याचा जोडीदार कधीच होणार नाही हे मला माहीत आहे, तरी मी तो ठेवलाय.

उलट_सुलट
मुकाखांबची भाषा कोरडी आहे, मुद्दा बरोबर आहे. लडिवाळ, स्वतःला एक विचार. ही शाल आज नव्याने सुरू केली असतीस का? तोच नमुना, तोच रंग? उत्तर हो असेल तर ठेव आणि पांघरुणाचा शेवटचा पट्टा दुसऱ्या रंगात कर. ३१ ग्रॅममध्ये पाच ओळी होतील, पुढे राखाडी. वाईट नाही दिसणार.

लडिवाळ
नमुना बघितला. पानापानांचा आहे. आता मला तो आवडत नाही. रंग आवडतो.

उसवते. पण शालीच्या गुंड्याचं लेबल गायब आहे. तीच कंपनी असेल असं वाटतंय, खात्री नाही. पांघरुणाची निळी पूर्ण लोकर आहे.

जुना_गुंडा
जाळून बघा. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा तुकडा चिमट्यात धरायचा, खाली धातूची वाटी, शेजारी पाणी. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला केली की बहुधा आपणच विझते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची काळी टणक गोळी होते, ती गरम असताना हात लावायचा नाही. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो. मिश्र धागा असेल तर दोन्ही खुणा मिसळून येतात, तिथे मात्र फार भरवसा नको.

आणि एक परीक्षा करा. दोन्ही लोकरींचे तुकडे गरम साबणपाण्यात तळहातांत चोळा. एक घट्ट होऊन नमद्यासारखी झाली आणि दुसरी नाही, तर त्या एका पांघरुणात घालू नका. पहिल्या धुण्यात निम्मा पट्टा आकसेल. "सुपरवॉश" लोकर प्रक्रिया केलेली असते म्हणून आकसत नाही, साधी आकसते. जाळून हा फरक कळत नाही, दोन्हींचा वास तोच.

लडिवाळ
दोन्हींना केसांचा वास. घरात सगळे विचारून गेले काय जळतंय. चोळल्यावर दोन्ही तशाच राहिल्या, म्हणजे दोन्ही सुपरवॉश असाव्यात.

शाल उसवली. वीस मिनिटं. चार वर्षं कपाटात होती आणि वीस मिनिटांत गेली.

आता माझ्यापुढे शेवयांसारखी कुरळी लोकर पडली आहे. अशीच विणू का?

उलट_सुलट
नको. अशी विणलीस तर टाके वेडेवाकडे येतील, आणि धुतल्यावर सुटतील तेव्हा माप बदलेल. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून मोठी लडी कर, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांध, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबायची. मग टांगून वाळव. लोकर असल्यामुळे सरळ होईल. ॲक्रिलिक असतं तर इतक्या सहज झालं नसतं, त्याला वाफ द्यावी लागते आणि जास्त वाफ दिली की धागा कायमचा मऊ-लुळा पडतो.

पूर्ण वाळल्याशिवाय वजन करू नकोस. लोकर ओलावा पोटात धरते, हाताला कोरडी लागली तरी.

टाचणी
पांघरुणावर पुरेशी माणसं आहेत, म्हणून मी मॅटीकडे वळते.

लडिवाळ, ते चित्र भरतकामाच्या रिंगमध्येच आहे का? असेल तर आत्ता, हे वाचता वाचता काढ. महिनोन् महिने राहिलेला रिंगचा वण धुतल्यावरही पूर्ण जात नाही, कारण त्या घडीत धूळ आणि हाताचं तेल बसलेलं असतं. सुई कापडात टोचून ठेवली असशील तर तीही काढ. गंजाचा डाग निघायला फार त्रास देतो.

लडिवाळ
रिंगमध्ये होतं. 🙈 सुईही होती, पण नशिबाने कडेच्या पट्टीत. वण आहे. गंज नाही.

आता खरा गोंधळ. लड्यांची लेबलं मी उत्साहाने काढून दोरा पुठ्ठ्याच्या कार्डांवर गुंडाळला होता आणि कार्डांवर नंबर लिहिले नाहीत. दोन लाल आहेत. एक ३२१ असणार आणि एक ४९८, दोन्ही डीएमसी कंपनीचे. कोणता कुठला?

टाचणी
४९८ गडद. दोन्ही कार्डं खिडकीशी ने, दिवसा. दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच तुझी फसगत होतेय. तू आधी भरलेल्या कोपऱ्यात कुठलातरी लाल असेलच, त्याच्यावर दोरा आडवा टेकवून बघ. शेजारी ठेवून नाही, वर टेकवून. मिळाला की तिथल्या तिथे कार्डावर नंबर लिही, पेन्सिलने नव्हे.

एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीत शोधायची वेळ आली तर तक्ते मिळतात, पण ते "जवळचा रंग" सांगतात, "तोच रंग" नाही. काळ्याला अडचण नाही, डीएमसीचा ३१० आणि अँकरचा ४०३ शेजारी सहज चालतात. लाल, गुलाबी आणि त्वचेचे रंग यांत तक्ता बघून अर्धं फूल एका कंपनीत आणि अर्धं दुसरीत असं करू नये. दुसरी कंपनी वापरायचीच तर एक अख्खी पाकळी, एक अख्खं पान तिच्यात भरायचं, म्हणजे फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

जुना_गुंडा
डीएमसीचा विषय निघालाच आहे तर, ही कंपनी १७४६ ची, फ्रान्समधल्या मुलूझची. आणि सुती दोऱ्याला जी रेशमासारखी चमक असते ती जॉन मर्सर यांच्यामुळे. त्यांनी १८४४ मध्ये कापूस कॉस्टिक सोड्यात बुडवायची रीत शोधली, पण त्यांच्या हातून धागा आकसत असे. ताणून धरून तीच प्रक्रिया करायची आणि मग चमक येते, हे होरेस लो यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं. नाव मात्र मर्सराइज्ड असंच राहिलं.

गुंतागुंत
बिचारे लो. ताण त्यांचा, नाव दुसऱ्याचं.

लडिवाळ
@टाचणी मिळाला. कोपऱ्यातला ३२१ आहे. पण लाल पुरेल का? चित्रात अजून ६४० घरं लाल बाकी आहेत, मी बसून मोजली.

टाचणी
तुझी मॅटी १४ काउंटची ना? म्हणजे इंचाला १४ घरं, चित्र बरोबर १० बाय ८ इंचांचं होईल. एक घर १.८ मिमीचं. एका फुलीला पुढून दोन तिरप्या रेषा, मागून दोन उभ्या, मिळून ९ मिमी, कापडाची जाडी धरून १ सेंटिमीटर म्हण. लडी ८ मीटरची, सहा पदरांची. दोन पदरांनी भरतेस तर लडीत २४ मीटर दोरा झाला. कागदावर २४०० फुल्या. प्रत्यक्षात सुरुवातीची नि शेवटची टोकं, उसवाउसव, मागून मारलेल्या उड्या, हे वजा करून मी १८०० धरते. तुला ६४० हव्यात, म्हणजे लडीचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग. सहापदरी तीन मीटर असेल तर निर्धास्त भर.

आणि मागून लांब उड्या मारत असशील तर सोड ती सवय. दोरा त्यातच जातो, आणि लाल दोरा पांढऱ्या मॅटीतून दिसतो तो वेगळा.

लडिवाळ
तीन मीटर वीस सेंटिमीटर. 😊

दुसरं विचारायचं होतं. आधीच्या कोपऱ्यात वरचा टाका कुठल्या दिशेचा आहे ते बघितलं, डावीकडून वर उजवीकडे. आत्ता मी सवयीने उलट करतेय असं लक्षात आलं. फरक पडतो?

टाचणी
पडतो. उजेड वेगळा पडतो, भरलेला भाग दोन तुकड्यांचा दिसतो. जुन्या दिशेने भर. किती घरं उलटी झालीत?

लडिवाळ
अकरा. उसवली.

काजबटण
मला तुमच्या हत्तीची काळजी वाटतेय.

लडिवाळ
हत्तीचं सांगते. पहिला कान केला तेव्हा हात सैल होता बहुतेक. आता दुसरा केला तर तो आधीच्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा लहान. सुई तीच, ३ मिमी, टाके तितकेच, २४. दोनदा करून बघितला.

काजबटण
मोज्यांमध्ये हेच होतं! म्हणून माझा दुसरा मोजा...

माझा उपाय: हात तापेपर्यंतचे टाके मोजायचेच नाहीत. खेळण्यांत टाके गच्च हवेत, नाहीतर आतला कापूस दिसतो, त्यामुळे तुमचा आत्ताचा कान खरं तर बरोबर आहे, जुना चुकलाय. जुना उसवा आणि आत्ताच्या हाताने करा. जोडीच्या गोष्टी एकाच बैठकीत करायच्या. कान, हात, बाह्या, खिसे. पहिला झाल्यावर उठायचं नाही.

गुंतागुंत
पहिला झाल्यावर उठायचं नाही हे डोळ्यांसमोर लावून ठेवते.

हत्तीत कापसाऐवजी लोकरीची कातरणं भरायचा मोह होईल, साठा संपवायच्या नादात. मी भरली होती. रंगीत तुकडे टाक्यांच्या फटींतून दिसतात, आणि धुतल्यावर त्यांचे गोळे होतात. माझा ससा आता गाठी आल्यासारखा लागतो. लाल तुकड्यांनी रंगही सोडला. शहाण्या असाल तर कातरणं सुयांच्या उशीत भरा.

लडिवाळ
रुमालाची बातमी बरी नाही. मावशीचा दोरा सहज बोटांत धरून ताणला, तर तटकन तुटला. चार ठिकाणी ताणला, तीनदा तुटला. २० नंबरचा दोरा आहे, दोन गोळे.

जुना_गुंडा
आणखी थोडा खोल जाऊन बघा. गोळ्याचे वरचे थर उजेड आणि धूळ खातात, आतले झाकलेले राहतात. पाच-सहा मीटर काढून टाका आणि मग ताणा. आतही तुटला तर सोडा. मऊ हाताने विणून निभेल असं समजू नका, पहिल्या धुण्यात उसवेल, आणि तेही मावशीने विणलेल्या भागाला घेऊन.

लडिवाळ
एका गोळ्यात आठ मीटरनंतर दोरा शाबूत निघाला. खूप ताणून बघितला. दुसरा आतपर्यंत गेलेला आहे.

एका गोळ्यात रुमाल पूर्ण होणार नाही. नमुन्यात अजून ९ फेऱ्या आहेत.

मुकाखांब
रुमाल गोल आहे. मधल्या कुठल्याही फेरीनंतर कड घालून थांबता येतं. लहान रुमाल होईल. चौथ्या-पाचव्या फेरीला एखादी साधी खांबांची ओळ असेल तर तिथे थांबा, जाळीच्या ओळीवर कड नीट बसत नाही.

लडिवाळ
तिसऱ्या फेरीला आहे. 🙏 तीन फेऱ्या आणि कड.

काजबटण
मुकाखांब, आधी रागावले होते तुमच्यावर. परत घेते.

लडिवाळ
पांघरूण. शालीची लोकर वाळली, सरळ झाली, ५८ ची ५८ भरली. पण दिवसा बघितलं तर ही निळी एका छटेने हिरवट आहे. जुन्या गुंड्याच्या लेबलावर लॉट नंबर (रंगवलेल्या खेपेचा नंबर) आहे, हिचा नाहीच.

उलट_सुलट
वेगळा लॉट. एकदम बदललीस तर पट्ट्यात रेघ दिसेल, म्हणून मिसळ. दोन ओळी हिरवट, दोन जुन्या, दोन हिरवट, दोन जुन्या, मग शेवटच्या चार हिरवट. दोन-दोन ओळींनी बदललं की धागा त्याच कडेला परत येतो, कापावा लागत नाही, कडेने वर ओढून घ्यायचा. सैल ओढ, नाहीतर कड आवळेल.

हिशोब: जुन्यातून चार ओळी, २१ ग्रॅम, उरले १०. हिरवटातून आठ ओळी, ४२ ग्रॅम, उरले १६. कड कशाने करणार आहेस?

लडिवाळ
सगळीकडून खांबांची एक फेरी, असं मनात होतं. पांघरूण १२० बाय १५० आहे.

उलट_सुलट
घेर ५४० सेंमी. १२० च्या ओळीला सव्वापाच, तर ५४० ला साडेचारपट, म्हणजे साधारण २४ ग्रॅम. दोन्ही लॉट मिळून २६ आहेत. दोन ग्रॅमवर मी तरी जुगार खेळणार नाही, टोकं लपवायलाच तेवढी जाते. शिवाय कडेत मध्येच छटा बदलेल.

मुक्या खांबाची कड कर. किती लागेल ते असं बघ: २० खांब विण, धाग्यावर खूण कर, उसव, मोज. मग २० मुके खांब तसेच.

लडिवाळ
खांबांना ११५ सेंमी, मुक्यांना ७०. म्हणजे २४ च्या जागी साडेचौदा. हिरवटात १६ आहेत!

मुकाखांब
माझ्या नावाची सोय झाली.

गुंतागुंत
धागे जोडताना काय करणार? ती जादूची गाठ का काय असते ना, दोन गाठी एकमेकींवर ओढायच्या आणि टोकं जवळून कापून टाकायची?

टाचणी
गुळगुळीत धाग्यावर ती गाठ सुटते, आणि टोकं कापलेली असल्यामुळे सुटल्यावर धरायला काही उरत नाही. लोकर आकसणारी असती तर दोन टोकं ओली करून तळहातांत घासली की एकजीव झाली असती. सुपरवॉशला तेही नाही. सुईने टोक स्वतःच्याच पोटातून ओढायचं, तसंच समोरच्याचं, एकमेकांत अडकवून. वेळ लागतो, टिकतं.

लडिवाळ
दोन आठवडे गप्प होते, कारण विणत होते.

पांघरूण झालं. कडेच्या चारही कोपऱ्यांत एकेका जागी तीन-तीन मुके खांब घातले, कोपरे वळले नाहीत. शेवटच्या बाजूला पोचले तेव्हा हिरवट निळीचा गुंडा बोरापेक्षा लहान होता आणि मी श्वास रोखून विणत होते, जणू श्वास घेतला तर लोकर जास्त लागेल. एक ग्रॅमही उरला नाही, काटा शून्य दाखवतोय, पण माझ्या हातात एक हातभर धागा आहे.

छटांची रेघ मला दिसते. इतर कुणाला दाखवल्याशिवाय दिसली नाही.

रुमाल तीन फेऱ्या आणि कडेवर थांबला. लहान आहे, पण पूर्ण आहे. मॅटीवर लाल संपवला, लाल दोऱ्याचा पाऊण हात उरला. पांढऱ्या कापडावर ओला कापूस दाबून रंग सुटतो का ते बघितलं, किंचित गुलाबी आला. आता?

टाचणी
थांब, इस्त्री लावू नकोस. सगळं चित्र झाल्यावर थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. मध्ये वाळू द्यायचं नाही. वाळलं किंवा इस्त्री लागली की गुलाबी पक्का बसतो. आत्ता धुऊ नकोस, अजून भरायचंय, नुसता हात कोरडा ठेव.

काजबटण
आणि हत्ती??

लडिवाळ
दोन्ही कान एका बैठकीत. उठले नाही. दोन्ही सारखे. सोंडेत कापूस भरायचा राहिलाय.

काजबटण
❤️

जुना_गुंडा
जुन्या निळीचे १० ग्रॅम उरले असतील ना? तो गुंडा असाच डब्यात टाकू नका, लॉट नंबरचं लेबल आत घाला. आणि लोकर बंद पिशवीत ठेवा, कसर लागली तर सगळ्या डब्याला लागते. लागल्यासारखी वाटली तर पिशवी घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये दोन आठवडे. सुती आणि ॲक्रिलिक कसर सहसा खात नाही, तिला लोकर लागते.

लडिवाळ
ते १० ग्रॅम डब्यात जाणार नाहीयेत. २१० मीटरला १०० ग्रॅम, म्हणजे २१ मीटर आहेत. हत्तीच्या पाठीवर झूल बसेल. पानापानांचा नमुना नको, साधे खांब, आणि कडेला तो हातभर हिरवट.

मुकाखांब
म्हणजे सहावं काम.